मामाचेमी

कुतैसीला पोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते
आणि नानुली दारात उभी, दोन पायांत दोन जातीच्या सपाता.
तिने माझ्या मागे अंधारात वाकून पाहिलं,
मग एक बोट वर केलं. एकटी?
मी म्हटलं, हो.
ती म्हणाली, हो?
दोघी चमकलो.
जॉर्जियातही हो म्हणजे होच.

सकाळी तिने पाव आणायला पिटाळलं.
पावाला इथे पुरी म्हणतात.
ही पुरी फुगत नाही. हातभर लांब,
होडीसारखी दोन्हीकडे निमुळती.
भट्टीवाला जुम्बेर कमरेपासून आत ओणवा होतो,
पाय जमिनीवरून सुटतात,
आता गेलाच म्हणेपर्यंत
करपल्या भुवयांनिशी वर येतो.
ऊन पुरी काखेत धरून मी रिओनीच्या पुलावर थांबले,
टोक मोडून खाल्लं.
सगळेच खातात. अख्खी पुरी घरी नेणारा
या गावात अजून जन्मायचाय.

रस्त्यात कुणी हसत नाही.
पहिले दोन दिवस वाटलं, माझ्यावरच राग आहे.
मिनीबसचा ड्रायव्हर चर्च दिसलं की
चाक सोडून छातीवर क्रूस काढायचा, तीनदा,
आणि वळणावर चर्चं फार.
शेजारच्या म्हाताऱ्याने माझी बंद मूठ पाहिली,
काही न बोलता अक्रोडांची पिशवी मांडीवर आदळली
आणि तसाच रागीट चेहरा करून
खिडकीबाहेर बघत राहिला.
फोडायला दगडही होता पिशवीत.

संध्याकाळी नानुलीच्या स्वयंपाकघरात
फ्रिजवर एक फोटो: टोपीतला तरुण,
गाल नंतर कुणीतरी गुलाबी रंगवलेले.
मामाचेमी, ती म्हणाली.
मला ऐकू आलं, मामाचे मी.
मी म्हटलं, मीसुद्धा.

फँटाच्या बाटलीतून तिने घरची वाइन ओतली.
मामा, म्हणत ग्लास वर.
मामा, म्हणत माझाही.
तिच्या मामाला मी पाहिला नव्हता,
म्हणून माझ्या दिगूमामाला प्यायले,
जो बेळगावच्या पुढे कधी गेला नाही,
ज्याने दहावीच्या निकालाला मला खतावणी दिली
आणि म्हणाला, शेवटचं पान प्रवासाचं,
त्यात किराणा लिहायचा नाही.
हे सगळं मी मराठीतच सांगितलं.
ती तिच्या भाषेत बरंच बोलली.
अशा चार रात्री.

रविवारी बातुमीहून तिची नात आली, तेक्ला, इंग्रजी येणारी.
म्हणाली, आमच्यात मामा म्हणजे बाप.
मामाचेमी म्हणजे माझा बाप.
बेचाळीस साली केर्चला गेला, परत नाही.
नानुली तेव्हा अकरा महिन्यांची.

मी फोटोकडे पाहिलं. सव्वीस वर्षांचा असेल फार तर.
त्याची मुलगी आता त्याच्या आजीएवढी.
चार रात्री मी त्याच्या नावाने
भलत्याच माणसाला पीत होते.

तुमच्यात काय म्हणजे मामा, तेक्लाने विचारलं.
आईचा भाऊ, मी म्हटलं, आणि ओशाळले.
तिने आजीला सांगितलं.
नानुलीने बराच वेळ टेबलावरचे चुरे बोटाने गोळा केले.
मग तेक्लामार्फत प्रश्न आला:
तुझा कुठल्या लढाईत गेला?
लढाई नाही, मी म्हटलं. साखर.
तेक्ला अडखळली. पुन्हा विचारून घेतलं.
मग तिने तो शब्द आजीला सांगितला, जसा होता तसा.

नानुलीने मान हलवली,
हात लांबवला,
आणि माझ्यासमोरची साखरेची वाटी
हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

माझा चहा अजून गोड व्हायचा होता.